०.७५ येतो कुठून? क्लायबरचं ‘द फायर ऑफ लाइफ’ वाचताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी प्रगती अहवालाच्या सादरीकरणात मी एक तक्ता दाखवला होता. शेळ्यांची उष्णतानिर्मिती, प्रत्येकीच्या वजनाच्या ०.७५ घाताने भागलेली. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, “हे ०.७५ कशासाठी?” मी म्हणाले, “सर, चयापचयी वजन काढण्यासाठी.” “ते कळलं हो. पण ०.७५च का? ०.७ का नाही? १ का नाही?” मी म्हणाले, “सगळ्या पेपरांत तेच वापरतात, सर.” खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी ग्रंथालयातून मॅक्स क्लायबरचं ‘द फायर ऑफ लाइफ’ आणलं. १९६१ सालचं पुस्तक. पशुपोषणात संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने या पुस्तकाचा उल्लेख केलेला असतो. ते उघडून वाचलेले मात्र फार भेटत नाहीत, आणि तोपर्यंत मीही वाचलेलं नव्हतं. आज या पुस्तकाबद्दल लिहितेय. त्यात काय चांगलं आहे, कुठे सावध राहायचं, आणि तुम्ही जनावरांच्या ऊर्जेवर काम करणार असाल तर त्याचा उपयोग कसा करायचा, एवढं तीन गोष्टींत सांगते.

पुस्तक आहे कसं?

क्लायबर मूळचा झुरिकचा. १९२९ मध्ये तो कॅलिफोर्नियात डेव्हिसला आला आणि तिथे त्याने गाईगुरांसाठी श्वसनकक्ष उभे केले. म्हणजे हा हवेतल्या गप्पा मारणारा माणूस नव्हे. गोठ्यात उभं राहून आकडे काढलेला माणूस आहे, आणि ते पानोपानी जाणवतं.

पुस्तकाची सुरुवात इतिहासापासून होते. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि किती बर्फ वितळलं ते मोजलं. प्राण्याची उष्णता ही एक प्रकारचं मंद ज्वलनच आहे, हा विचार तिथून पक्का झाला. पुस्तकाचं नावही त्याच कल्पनेवरून. पुढे उपासमार, शरीराचं तापमान, खाद्याची ऊर्जा, दूध आणि मांस तयार होण्याची कार्यक्षमता असं एकेक प्रकरण येतं. भाषा साधी आहे. क्लायबर समीकरण मांडून पुढे पळत नाही, तुमच्यासमोर बसून हातानं गणित करतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे फार कमी दिसतं. सूत्र चौकटीत, खाली एकक, आणि पुढचा विषय. सूत्र आलं कुठून हे विचारायची सवयच आपल्याला लागत नाही. माझी फजिती त्यातूनच झाली.

एक टन चारा: गोऱ्हा की ससे?

पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हे. तुमच्याकडे एक टन वाळलेला चारा आहे. तो ५९० किलोच्या एका खच्ची गोऱ्ह्याला घालायचा, की तेवढंच एकूण वजन भरेल अशा ३०० सशांना? मांस कुणाकडून जास्त मिळेल?

पहिलं उत्तर बहुतेकांचं एकच असतं. लहान प्राणी किलोमागे जास्त उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे ससे चारा ‘जाळून’ टाकणार, तेव्हा गोऱ्हा बरा. क्लायबर आकडे मांडतो. ससे दिवसाला गोऱ्ह्याच्या चौपट उष्णता टाकतात: गोऱ्हा २० हजार किलोकॅलरी, ससे ८० हजार. बरोबर. पण ते खातातही चौपट आणि वाढतातही चौपट. गोऱ्ह्याला टनभर चारा १२० दिवस पुरतो, सशांना ३० दिवस. अखेरीस दोघांकडूनही मांस सारखंच, सुमारे १०९ किलो. (त्याचा टन अमेरिकी आहे, म्हणजे ९०७ किलोचा. मूळ आकडे पौंडात असल्याने मी ते किलोत केले आहेत.)

मी हे वाचून खरंच थांबले. उष्णता जास्त म्हणजे नासाडी जास्त, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की भागिलेच्या वरचा आकडाही वाढतोय हे दिसलंच नव्हतं. दिवसामागे मोजायचं की टनामागे? एकक बदललं की निष्कर्ष बदलतो. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे एक पान वाचावंच.

आता टीका. हे उदाहरण जितकं सुंदर आहे तितकंच ते घासूनपुसून घेतलेलं आहे. दोघांची वाढ सारखी निघते, कारण खाण्याची क्षमता आणि उष्णता दोन्ही शरीराच्या आकाराप्रमाणे एकाच घाताने बदलतात असं गृहीत धरलंय. निष्कर्षाचा मोठा भाग त्या गृहीतकातच बसलेला आहे. शिवाय ‘चारा’ दोघांसाठी एकच नाही. गोऱ्ह्याच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव तंतू फोडतात. ससा तंतू फारसा पचवत नाही, तो चारा आतड्यातून भराभर पुढे ढकलतो आणि आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खाऊन थोडी भरपाई करतो. म्हणजे निव्वळ वाळलेल्या गवतावर ससे तेवढे वाढतीलच असं नाही. उलट बाजूनेही बघा. गोऱ्हा जन्माला घालायला एक गाय वर्षभर पोसावी लागते, सशाच्या मादीला वर्षात कितीतरी पिल्लं होतात. आईचा खर्च हिशोबात घेतला तर चित्र पुन्हा फिरतं. आणि गोऱ्हा मिथेनच्या रूपाने जी ऊर्जा ढेकरावाटे घालवतो, ती तर आज वेगळीच मोजावी लागते.

क्लायबरला यातलं काही माहीत नव्हतं असं नाही. त्याला एकच मुद्दा सांगायचा होता आणि त्यासाठी त्याने बाकीचं बाजूला ठेवलं. चूक आपली होते, आपण उदाहरण उचलतो आणि अटी तिथेच सोडून येतो.

तो आलेख, आणि त्यातला बैल

१९३२ मध्ये क्लायबरने कबुतराच्या जातीच्या पाखरापासून गोऱ्ह्यापर्यंतचे मोजके आकडे एकत्र केले आणि उष्णता व वजन यांचा संबंध लॉग कागदावर मांडला. त्याआधी रूब्नरचा पृष्ठभागाचा नियम चालत होता. उष्णता कातडीवाटे जाते, म्हणून ती पृष्ठभागाच्या, म्हणजे साधारण वजनाच्या २/३ घाताच्या प्रमाणात असणार. क्लायबरची रेघ त्याहून थोडी चढी निघाली, घातांक ०.७४ च्या आसपास. मिसुरीत सॅम्युएल ब्रोडी तेव्हा हेच काम करत होता. त्याचा आकडा ०.७३ होता.

मग ०.७५ कसा झाला? क्लायबर हे लपवत नाही, आणि म्हणूनच मला तो आवडतो. ३/४ हा घात हिशोबाला सोपा. वजनाचा घन करा आणि दोनदा वर्गमूळ काढा, झालं. तेव्हा कॅलक्युलेटर नव्हते, स्लाइड रूलवर काम चालायचं. ०.७३ आणि ०.७५ मधला फरक त्या आकड्यांच्या विखुरणीपुढे नगण्य होता, मग सोपा तो घेतला. पुढे १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ट्रून इथे ऊर्जा-चयापचयाच्या परिषदेत वेगवेगळ्या प्रजातींची तुलना करण्यासाठी ३/४ हा घात मान्य झाला.

म्हणजे सरांच्या प्रश्नाचं पहिलं खरं उत्तर हे: ०.७५ हा निसर्गाने कोरून ठेवलेला आकडा नाही. तो मोजमापातून आलेला, सोयीसाठी गोल केलेला आणि सहमतीने ठरवलेला आकडा आहे. सोय वाईट नसते, पण सोय आहे हे लक्षात ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट आलेखातल्या बैलाची. या आलेखात प्राणी उपाशी, आराम करत असलेला आणि सुखकर तापमानात असायला हवा. कुत्र्या-उंदराला एखादा दिवस उपाशी ठेवलं की काम भागतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात मात्र चारा दिवसेंदिवस राहतो आणि आंबत राहतो. मिथेन जवळपास थांबेपर्यंत ते खरं उपाशी म्हणता येत नाही. त्यामुळे बैलाचा ‘उपाशी’ आणि उंदराचा ‘उपाशी’ एकाच अक्षावर ठेवताना आपण दोन वेगळ्या अवस्था शेजारी बसवतो. व्हाइट आणि सेमूर यांनी २००३ मध्ये हाच धागा ओढला. ज्या सस्तन प्राण्यांत ही उपाशी अवस्था मिळवणं अवघड, ते त्यांनी वगळले आणि शरीराच्या तापमानाची दुरुस्ती केली. घातांक पुन्हा २/३ च्या जवळ आला. गंमत बघा, आपण पशुशास्त्रवाले ज्या आकड्याला देव मानतो, तो आपलीच जनावरं बाजूला काढली की सरकतो!

वाद तिथे संपला असं नाही. १९९७ मध्ये वेस्ट, ब्राउन आणि एन्क्विस्ट यांनी रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावरून ३/४ ला सैद्धांतिक आधार देण्याचा प्रयत्न केला. २०१० मध्ये कोलोकोट्रोनेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लॉग आलेखावरही ही रेघ सरळ नसून किंचित वक्र आहे. वक्र रेषेला एकच घातांक कसा असेल?

मग आपल्या तक्त्याचं काय?

इथे माझी पुस्तकावरची मुख्य तक्रार येते. तक्रार पुस्तकापेक्षा आपण ते कसं वापरतो याबद्दल जास्त आहे. क्लायबरचा घातांक पाखरापासून बैलापर्यंतचा, म्हणजे वजनात हजारो पट फरक असलेल्या प्राण्यांचा. आपण तो एकाच प्रजातीच्या आत वापरतो. ३०० किलोची देशी गाय आणि ५०० किलोची संकरित गाय. दोघींची उष्णता ०.७५ घाताने भागायची आणि म्हणायचं, “आता वजनाचा परिणाम गेला.” गेला का?

हिशोब करू. समजा गाईंच्या आत खरा घातांक ०.९ आहे आणि दोन्ही गटांत वजनाशिवाय काहीच फरक नाही. ५०० भागिले ३०० म्हणजे १.६७. याचा ०.१५ घात (०.९ वजा ०.७५) येतो १.०८. म्हणजे भागाकारानंतर मोठी गाय ८ टक्के ‘जास्त ऊर्जा लागणारी’ दिसेल. फरक काहीच नसताना! खरा घातांक ०.६७ असेल तर उलट ती सुमारे ४ टक्के ‘काटकसरी’ दिसेल. दोन्ही फरक आपल्या भागाकारातून आलेले, गाईतून नव्हे.

८ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या मांसल गुरांसाठीच्या १९९६ च्या मानकांत झेबू गुरांची निर्वाहाची गरज युरोपीय मांसल जातींपेक्षा सुमारे १० टक्के कमी धरलेली आहे. आपल्या गीर, खिल्लार, लाल कंधारी या सगळ्या झेबूच. मी असं म्हणत नाही की तो १० टक्के फरक खोटा आहे. त्याला शरीरक्रियेतली कारणं सांगितली जातात आणि ती पटण्यासारखी आहेत. पण आपण स्वतः असा फरक मोजायला निघालो, तर भागाकाराची चूक आणि शोधायचा फरक जवळपास एकाच मापाचे आहेत. ‘देशी गाय कमी खाते’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं. थिसिसमध्ये लिहायचं तर आधी हा हिशोब करावा लागेल.

हा इशारा नवीनही नाही. जेम्स टॅनरने १९४९ मध्येच माणसांच्या मोजमापांबद्दल दाखवून दिलं होतं की वजनाने किंवा पृष्ठभागाने भागून काढलेली ‘प्रमाणं’ फसवी असू शकतात. क्लायबरचं पुस्तक त्यानंतर बारा वर्षांनी आलं, पण हा धोका त्यात हवा तेवढा ठसत नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तक वाचताना निसटते: वजन म्हणजे काय? रवंथ करणाऱ्या जनावरात यकृत आणि पचनमार्ग मिळून शरीराच्या वजनाचा छोटा भाग असतात, पण शरीर वापरतं त्या ऑक्सिजनपैकी जवळपास निम्मा ते खातात. चरबी मात्र जवळजवळ फुकटात राहते. दोन गाई सारख्याच ४०० किलोच्या असतील, पण एक चरबीने भरलेली आणि दुसरी मोठ्या पोटाची असेल, तर दोघींची उष्णता सारखी कशी येईल? त्यात भर म्हणजे महिनोन्महिने कमी चाऱ्यावर राहिलेल्या जनावराचं यकृत आणि आतडं आक्रसतं आणि त्याची निर्वाहाची गरजही खाली येते. कोरडवाहू गावातून आणलेल्या देशी गाई आणि फार्मवर पोटभर खाल्लेल्या संकरित गाई यांची तुलना केली, तर आपण जात मोजली की मागच्या सहा महिन्यांची वैरण?

यंत्रही प्रामाणिक हवं

श्वसनकक्षात आपण उष्णता थेट मोजत नाही. ऑक्सिजन किती गेला, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन किती आला, मूत्रातून नायट्रोजन किती गेला हे मोजतो आणि ब्राउवरच्या सूत्रात घालतो. किलोज्यूलमधली उष्णता म्हणजे १६.१८ गुणिले ऑक्सिजन, अधिक ५.०२ गुणिले कार्बन डायऑक्साइड, वजा २.१७ गुणिले मिथेन, वजा ५.९९ गुणिले नायट्रोजन. वायू लिटरमध्ये, नायट्रोजन ग्रॅममध्ये. सगळा भार ऑक्सिजनवर आहे हे गुणकांवरूनच दिसतं.

आता बघा. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के. समजा बाहेर येणाऱ्या हवेत २०.५० टक्के. आपण मोजतोय तो फरक ०.४५ चा. विश्लेषक यंत्र ०.०२ ने चुकलं की ऑक्सिजनच्या आकड्यात ४ टक्क्यांहून जास्त चूक झाली. कक्षात माहीत असलेल्या वजनाचं अल्कोहोल जाळून किंवा ज्ञात वायू सोडून तो पूर्ण परत मिळतो का, ही चाचणी म्हणूनच करतात. कंटाळवाणं काम आहे. पण ती चाचणी नसलेला १० टक्क्यांचा फरक मी तरी आता मानणार नाही, स्वतःचा असला तरी.

तरीही वाचाच

एवढं सगळं लिहिल्यावर वाटेल की पुस्तक जुनं झालं. तसं नाही. ०.७५ कुठे पुरतो आणि कुठे नाही, हे कळलं की पुस्तकाची खरी किंमत कळते.

दुष्काळात चारा छावणी लागते तेव्हा जनावरांचे वर्ग साधारण दोनच असतात, मोठं आणि लहान. अर्ध्या वजनाच्या जनावराला अर्धा चारा, हे कुणालाही न्याय्य वाटेल. क्लायबरचं गणित सांगतं, नाही. ०.५ चा ०.७५ घात ०.५९ येतो. अर्ध्या वजनाच्या जनावराला नुसतं तगून राहायला मोठ्याच्या जवळपास ६० टक्के ऊर्जा लागते. पाव वजनाच्या कालवडीला २५ नाही, ३५ टक्के. वाढीसाठी लागतं ते वेगळंच. इथे घातांक ०.७५ धरा की ०.६७, ६० टक्क्यांचे ६३ होतील, निष्कर्ष तोच राहतो: लहान जनावराला वजनाच्या हिशोबाने दिलं तर ते उपाशी राहतं. अशा ठिकाणी क्लायबरचा आकडा अगदी पुरेसा आहे, आणि तो वापरला नाही तर भोगावं लागतं ते वासरांना.

दोन जातींमधला १० टक्क्यांचा फरक शोधायचा असेल तर मात्र तोच आकडा डोळे मिटून वापरता येत नाही. प्रश्न किती बारीक आहे त्यावर हत्यार ठरतं.

मी माझ्या तक्त्याचं शेवटी काय केलं ते सांगते. भागाकार काढून टाकला. उष्णता आणि वजन दोन्हीचे लॉग घेतले, वजन कोव्हेरिएट म्हणून ठेवलं आणि घातांक माझ्याच शेळ्यांकडून काढला, त्याच्या विश्वासमर्यादेसह. ती मर्यादा इतकी रुंद आली की ०.६७, ०.७५ आणि ०.९ तिन्ही आत बसले. माझ्या शेळ्यांची वजनं एकमेकींच्या फार जवळ होती, दुसरं काय होणार? तेच प्रकरणात लिहिलं. ०.७५ घाताने भागलेले आकडे परिशिष्टात ठेवले, इतरांना तुलना करता यावी म्हणून. प्रत्येक शेळीचं कच्चं वजन, कच्ची उष्णता आणि आधीचे दोन महिने तिला काय खायला होतं हेही दिलं. प्रकरण आधीपेक्षा कमी ठाम झालं. गाईड म्हणाले, “आता यावर बोलता येईल.”

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर एक करा. तुमच्या विषयात सगळे वापरतात असा एक स्थिरांक निवडा आणि तो पहिल्यांदा ज्या पेपरात आला तो शोधून वाचा. किती नमुने होते, कोणते वगळले, आकडा गोल का केला, हे वहीत लिहा. एक आठवडा जाईल. व्हायवाला तो प्रश्न आलाच तर “सगळे वापरतात” असं म्हणायची वेळ येणार नाही.

क्लायबरचं पुस्तक हाती घेतलंत तर आधी सशांचं उदाहरण वाचा, मग शरीराचा आकार आणि चयापचय यावरचं प्रकरण. पेन्सिल जवळ ठेवा, गणितं स्वतः करा. आणि प्रत्येक गणितानंतर विचारा, यात गृहीत काय धरलंय? उत्तर बहुतेक वेळा त्याच पानावर सापडतं. नाही सापडलं, तर कदाचित तुमच्या संशोधनाचा विषय तिथेच असेल.